बोलायला आला नसेल तर

४ सप्टेंबर २०१२, मंगळवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवण्यासाठी नाही. पुराव्यासाठी. उद्या कोणी म्हणालं की नागुबाईंनी असं केलं, तर काय केलं ते इथे तारखेनिशी असेल. जागा: कपाटात, पांढऱ्या साडीखाली.

घटना अशी. रविवारच्या टेस्टचा निकाल लावत होते. बसवंत सरांच्या क्लासमध्ये लातूरची आणि नांदेडची पोरं मिळून एकच रँक निघते. निकालाचं मशीन आतल्या खोलीत, मी बाहेरच्या कॉम्प्युटरवरून त्यात लॉगिन करून बसते. रँक काढणारा प्रोग्राम बराच पुढे गेला होता. तेवढ्यात नीलम्माचा झाडू दाराखालच्या वायरीत अडकला. लाइन तुटली. प्रोग्राम तिथेच मेला. पुन्हा पहिल्यापासून.

नीलम्मा म्हणाली, वायर जमिनीवर टाकली तर झाडू काय छताला मारू का बाई? उत्तर तयार होतं. तयार उत्तराचा मला संशय येतो. आणि रोज त्याच कोपऱ्यात कचरा कसा निघतो?

निश्चय: लाइन तुटली तरी काम तुटता कामा नये.

५ सप्टेंबर

उपाय सापडला. नाव टीमक्स. मशीनच्या आत ते एक खोली उघडून देतं. काम त्या खोलीत बसून करायचं. बाहेर लाइन तुटली, लोडशेडिंगने समोरचा कॉम्प्युटर बंद पडला, तरी खोलीतलं काम चालू राहतं. परत येऊन दार उघडलं की सगळं जिथे सोडलं तिथेच.

हे वाचून थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले.

माझे यजमान आनंदराज टेलिफोन खात्यात होते. त्र्याण्णव साली बहिणीकडे किल्लारीच्या बाजूला मुक्कामाला गेले ते भूकंपाच्या त्या पहाटेपर्यंत. जाताना रेडिओ दुरुस्तीचं पुस्तक पलंगावर राहिलं, एका पानाचा कोपरा दुमडलेला. माझं शिक्षण सहावी. त्या दुमडलेल्या पानापासून मी वाचायला लागले आणि शेवटपर्यंत गेले. मग रेडिओ, मग कॅल्क्युलेटर, मग कॉम्प्युटर. त्या पानाच्या आधीचं मी वाचलेलं नाही. ते त्यांचं वाचून झालेलं आहे.

तेव्हापासून कुठलंही पुस्तक मी मधूनच सुरू करते. अजून काही बिघडलेलं नाही.

टीमक्सचंही मधूनच उघडलं.

६ सप्टेंबर

टीमक्स रोज हाताने सुरू करायचं म्हणजे एखाद्या दिवशी विसरणार, आणि नेमका त्याच दिवशी झाडू लागणार. म्हणून लॉगिन झालं की आपोआप सुरू झालं पाहिजे. त्यासाठी बॅशआरसी नावाची फाईल असते. दारावर कोणी आलं की मशीन आधी ती वाचतं आणि त्यात लिहिलंय तसं वागतं. त्यात शेवटी ओळ टाकली: टीमक्स सुरू कर.

बाहेर पडले, परत लॉगिन केलं. मशीनने मला आत घेतलं आणि त्याच पावली बाहेर काढलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी बसवलेल्या मशीनने मलाच हाकलावं!

मी बसवलेलं म्हणजे, बसवलं यासेरने. तो नांदेड शाखेचा कॉम्प्युटर बघतो. जूनमध्ये इथे येऊन हे मशीन लावून गेला. पोरगा हुशार आहे आणि गोड बोलतो. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात दिसल्या की मी सावध होते.

७ सप्टेंबर

कारण कळलं. टीमक्सची खोलीसुद्धा उघडताना तीच फाईल वाचते, आणि पुन्हा खोली उघडायला धावते. खोलीत खोली उघडत नाही, म्हणून सगळ्यांनाच बाहेर काढते. सरांच्या खात्यातून आत शिरले (त्यांचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली असतो, हा निष्काळजीपणा त्यांना एकदा दाखवून द्यायचा आहे) आणि ओळ सुधारली: आधीच खोलीत नसशील तरच खोली उघड. चालू झालं! नीलम्माला मुद्दाम म्हटलं, मार झाडू. तिने मारला. लाइन तुटली. परत लॉगिन केलं, प्रोग्राम खोलीत चालूच होता.

ती म्हणाली, मग त्या दिवशी माझ्यावर डोळे काढले ते वापस घ्या.

पण आज फाईलमध्ये दुसरंच काही सापडलं. अगदी वर, सगळ्यांच्या आधी, एक ओळ. माझी नव्हे. इंग्रजीत. शब्दकोश काढून लावली. अर्थ असा: बोलायला आला नसेल तर काही करू नकोस, तिथूनच परत फिर.

दारावर आलेल्याला पाणीसुद्धा न विचारता परत पाठवायचं? भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, बसायला एक पोतं होतं, तरी कोणी आलं की बसा म्हटल्याशिवाय आणि चहा झाल्याशिवाय गेलं नाही. पंचनामेवालाही गेला नाही. आणि इथे माझ्या दारावर कोणीतरी पाटी लावून ठेवलीय. कोणी लावली ते उघड आहे. जूनमध्ये इथे कोण बसलं होतं?

ओळ पुसली. तिच्या जागी, सगळ्यात वर, माझी ओळ नेऊन ठेवली. पत्रिकेतही महत्त्वाचं नाव वरच असतं. आता जो येईल तो आधी आत बसेल.

९ सप्टेंबर, रविवार

रविवारी सकाळी टेस्ट. संध्याकाळी नांदेडच्या मार्कांची फाईल आपोआप येते. यासेरचं मशीन माझ्याच खात्याने आमच्या मशीनपाशी येतं, फाईल ठेवतं, जातं. माणसाचा हात लागत नाही, म्हणून सरांना हीच पद्धत आवडते.

आज आली नाही.

फोन केला. यासेर म्हणाला, काकू, इथून पाठवून राहिलो, तिथून वापस येऊन राहिली. अल्लाकसम मी काही केलं न्हाई. मी म्हटलं, तू केलंस असं मी कुठे म्हटलं? खरंच म्हटलं नव्हतं. तोच पहिल्यांदा म्हणाला.

मग म्हणतो, मेलने पाठवू का? मी ठाम नाही म्हटलं. गेल्या वर्षी एका बापाने मेलमधले मार्क वाटेत वाढवून घेतले होते. तेव्हापासून नियम आहे: मार्क मशीनकडून मशीनकडे. नियम मोडायची एवढी घाई कशाला?

१० सप्टेंबर

नोटीस बोर्डावर नांदेडची सगळी पोरं गैरहजर लागली. फाईल नाही म्हणजे गैरहजर, प्रोग्राम तसाच आहे. दिवसभर पालकांचे फोन. मुदखेडहून रेल्वेने क्लासला जाणारी एक मुलगी आहे, जिक्रा. तिचे वडील खाजामियाँ कपडे शिवतात. सरांना म्हणाले, सर, पोरीने परीक्षा दिली का रेल्वेत बसून वापस आली ते एकदा सांगून टाका, मी पायाखालचं मशीन थांबवून बोलतोय.

सर मला म्हणाले, बाई, हे काय आहे? मी म्हटलं, आपल्या बाजूला सगळं ठीक आहे, नांदेडला बघावं लागेल. सहज तोंडातून निघालं. पण खरं तेच आहे.

१२ सप्टेंबर

यासेरने बस कंडक्टरजवळ पेनड्राईव्ह दिला होता, तो पोचला. मार्क तपासले. सगळे बरोबर. एकही चूक नाही. एवढं बरोबर कोण पाठवतं?

निश्चय: यापुढे कोणावर संशय घ्यायचा नाही. फक्त लक्ष ठेवायचं.

१६ सप्टेंबर, रविवार

पुन्हा आली नाही.

आज मी शास्त्रशुद्ध तपासणी केली. आधी स्वतः लॉगिन केलं. दार उघडलं, खोली उघडली, खाली हिरवी पट्टी आली. सकाळपासून मी सतत आत-बाहेर करते आहे, एकदाही अडले नाही. मग यासेरला म्हटलं, तूही तुझ्या जागेवरून लॉगिन करून बघ. त्याने केलं. तोही आत आला! म्हणाला, हाव काकू, खोली उघडली, लई भारी हाय, हे कधी केलं तुम्ही? मला थोडं बरं वाटलं, ते लगेच आवरलं.

मग म्हटलं, आता फाईल पाठव. पाठवली. परत गेली. तो म्हणतो, तुमचं मशीन म्हणून राहिलंय की टर्मिनल उघडता येत न्हाई, हे टर्मिनलच न्हाई.

म्हणजे माणूस आत येतो, त्याच माणसाची फाईल येत नाही. कोण विश्वास ठेवील? खोटं बोलायचं तर जरा जुळवून तरी बोलावं.

१७ सप्टेंबर

बोर्डावर पुन्हा नांदेड गैरहजर. सर म्हणाले, अजून एकदा असं झालं तर यासेरला काढतो, दुसरा माणूस बघतो. मी काहीच बोलले नाही. न बोलणं म्हणजे हो म्हणणं नव्हे.

यासेरला कुठून कळलं कोण जाणे. दुपारी फोन आला. नेहमीसारखा हसला नाही. म्हणाला, काकू, अब्बा गेल्यापासून अम्मी आन् मी, दोघंच हाव. माझी नोकरी तुमच्या मशीनच्या हातात हाय. एकदा बघा ना, काही बदललं का तिकडं.

मी म्हटलं, बदल काहीच नाही, सुधारणा आहे.

नीलम्मा ऐकत होती. म्हणाली, त्या लेकराला खाताय तुम्ही, बाई. हिला यात काय कळतं?

२१ सप्टेंबर

गणपतीच्या मांडवांमुळे रस्ते बंद. बसून विचार केला. यासेरने फाईल अडवून त्याला काय मिळणार? दुसरा क्लास त्याला फोडत असेल. किंवा कोणा मुलाचे मार्क बदलायला वेळ हवा असेल. पण पेनड्राईव्हचे मार्क बरोबर होते. म्हणजे अजून बदलायला लागलेला नाही. सुरुवातीलाच पकडला म्हणायचं.

बॅशआरसी पुन्हा एकदा उघडून पाहिली. माझी ओळ सगळ्यात वर, स्वच्छ. चुकीला जागाच नाही.

२३ सप्टेंबर, रविवार

नाही आली.

२४ सप्टेंबर

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, बाई, एकच विचारतो, तुमचं मशीन शंभर टक्के ठीक आहे? मी म्हटलं, शंभर टक्के. त्यांनी माझ्यासमोर यासेरला फोन लावला. महिनाअखेरपर्यंत काम कर, शेवटच्या टेस्टचे मार्क आणि किल्ल्या स्वतः लातूरला आणून दे, बस्स. पलीकडून एवढंच ऐकू आलं: जी सर.

मला वाटलं होतं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. जो भांडत नाही त्याच्याबद्दल काय समजायचं?

जेवण गेलं नाही. उन्हाचा त्रास असावा.

२९ सप्टेंबर, शनिवार

आज विसर्जन. यंदा तारीख आणि विसर्जन दोन्ही भूकंपाच्या वर्षासारखे जुळून आले आहेत. दारापाशी स्टीलचे पेले एकावर एक रचले. त्या साली शेडमध्ये सगळेच रचायचे, जमीन हलली की पेले पडतील आणि जाग येईल म्हणून. आता गल्लीत मी एकटीच रचते. मांजर पाडतं. तरी मी उठून एकदा बाहेर उभी राहून येते.

ते आले असते तर पुस्तक दुमडलेल्या पानावरच मिळालं असतं. मी पान सरळ केलेलं नाही.

३० सप्टेंबर, रविवार

दुपारी यासेर आला. क्लासमध्ये मी आणि नीलम्मा दोघीच. दाराबाहेर रिक्षा घरघरत उभी. तो उंबऱ्यावरूनच म्हणाला, सलाम काकू, हा पेनड्राईव्ह, ह्या किल्ल्या, रिक्षा थांबवून आलोय, नांदेडची गाडी लागलेली हाय, निघतो. मी म्हटलं, असं कसं, बस. तो म्हणाला, न्हाई काकू, नुसतं द्यायला आलोय. मी म्हटलं, माझ्या दारातून कोणी न बसता गेलेलं नाही. हाताला धरून आत आणला, खुर्चीत बसवला, नीलम्माला चहा टाकायला लावला. तो पेनड्राईव्ह पुढे करतोय, मी म्हणते आधी चहा. तो किल्ल्या पुढे करतोय, मी म्हणते आधी चहा. बाहेर हॉर्न वाजला. परत वाजला. मग रिक्षा गेल्याचा आवाज.

पेनड्राईव्ह अजून त्याच्याच हातात. चहाचं पाणी उकळायचं होतं. गाडी गेली.

नीलम्मा गाळणी हातात घेऊन दारात आली आणि म्हणाली, बाई, तो द्यायला आलता. बसायला आलता का?

यासेर हसला नाही. पेनड्राईव्हकडे बघत राहिला. मग हळू म्हणाला, काकू, ती फाईल दाखवता का, बॅशआरसी.

दाखवली. त्याने सगळ्यात वरची ओळ वाचली. म्हणाला, इथं एक ओळ होती. मी म्हटलं, तूच लावलेली. तो म्हणाला, मी न्हाई काकू, ती मशीनसोबतच येते, सगळ्यांच्या मशीनवर असती. मी म्हटलं, दारावरून माणूस परत पाठवणारी? तो म्हणाला, माणूस न्हाई. जो बोलायला येतो, तुमच्यासारखा, माझ्यासारखा, त्याला खोली पाहिजे, त्याच्यापुढं स्क्रीन असती, तेच टर्मिनल. माझी फाईल बोलायला येत न्हाई. ती फक्त ठेवायला येती. तुम्ही तिला पण खोलीत बसवून राहिले. तिच्याजवळ स्क्रीनच न्हाई, ती बसणार कशावर? म्हणून वापस.

आणि मग: आत्ता माझ्यासोबत केलं ना, तसं.

मी हे लगेच मान्य केलं नाही. म्हटलं, करून दाखव. त्याने जुनी ओळ परत सगळ्यात वर लिहिली, त्याच्याखाली माझी ठेवली. नांदेडला फोन लावून तिथल्या शिपायाकडून एक बटण दाबून घेतलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत फाईल आली. मी लॉगिन केलं तर माझी खोलीही उघडली. दोन्ही चालतं. आधीही चाललं असतं.

चहा तिघांनी प्यायला. नीलम्माने त्याला दुसरा कप दिला. तो मात्र मी आग्रह केला म्हणून नव्हे.

संध्याकाळच्या गाडीने गेला. जाताना म्हणाला, सरांना मी काही सांगणार न्हाई, तुमचा आजचा दिवस हाय. त्याला आजची, भूकंपाची तारीख माहीत होती. मी कधी सांगितली नव्हती.

१ ऑक्टोबर

निश्चय: सरांना आज स्वच्छ सांगायचं. सर सकाळी बॅचवर. दुपारी त्यांची दाढ दुखत होती. दाढदुखीत माणूस नीट ऐकून घेत नाही.

२ ऑक्टोबर

सुट्टी. सुट्टीच्या दिवशी कोणाला त्रास देऊ नये.

३ ऑक्टोबर

सर मोकळे होते. केबिनपर्यंत गेले. आत शिकवण्याच्या वेळापत्रकाचं बोलणं चालू होतं, परत आले. खरं म्हणजे सरांना मशीनचं काही कळत नाही, त्यांना सांगून उगाच गोंधळ. यासेर हुशार आहे, त्याला कुठेही काम मिळेल. कदाचित चांगलंच झालं त्याचं.

वरचं वाचून पाहिलं. मधूनच वाचलं असतं तर पटलं असतं. पहिल्या तारखेपासून वाचलं. पटत नाही.

४ ऑक्टोबर

नांदेडच्या जागेसाठी उद्या मुलाखत आहे असं कळलं. केबिनमध्ये गेले, बसा म्हणण्याआधी उभ्यानेच सांगितलं. माझी ओळ, माझ्या हाताने पुसलेली ओळ, शंभर टक्के, सगळं. बोलायचं ठरवलेलं बरंच होतं. शेडबद्दल, आलेल्याला बसवण्याबद्दल, लाइन तुटली तरी काम तुटू नये याबद्दल. त्यातलं काही बोलता आलं नाही.

सर बराच वेळ काचेखालच्या पासवर्डकडे बघत होते. म्हणाले, म्हणजे तीन आठवडे पोरं हजर होती. मी म्हटलं, हो. म्हणाले, आणि यासेरही. मी म्हटलं, हो.

मुलाखत रद्द केली. यासेरला फोन माझ्याकडूनच करवून घेतला. मी म्हटलं, यासेर, ये कामावर. तो म्हणाला, जी काकू. मग म्हणाला, अम्मी इथंच हाय, तिला एकदा सांगा. सांगितलं. त्या रडल्या. मी फोन नीलम्माकडे दिला.

खाजामियाँनाही मीच फोन केला. जिक्रा तिन्ही टेस्टला हजर होती म्हटलं. ते म्हणाले, ते मला माहीत होतं ताई, डबा मीच देतो तिला.

यापुढे बॅशआरसी यासेरकडे. माझ्या खात्याला तिला हात लावता येणार नाही, वाचता येईल. सरांनी सांगितलं, मी मान खाली घालून हो म्हटलं. तसाही माझ्याकडे वेळ कुठे असतो.

७ ऑक्टोबर, रविवार

संध्याकाळी लॉगिन करून बसले. बोलायला आले होते म्हणून खोली उघडली. नांदेडच्या फाईलची वाट पाहिली. आज पहिल्यांदाच वाटलं, येताना दिसेल, निदान एखादी ओळ तरी उमटेल.

काही दिसलं नाही. नंतर यादी पाहिली, तर येऊन पडलेली होती. आली, ठेवली, गेली.

चहा टाकून ठेवला होता. दोन कप. दोन्ही मीच घेतले.